निंबाखालच्या बाजा

आसराबाई दारात उभी राहिली ती चपला पायात ठेवूनच.

"तपास करणारे त्रिंबकराव तुम्हीच का?"

"मीच. बसा."

"बसायला आल्ते न्हाई. उद्या सकाळी माझ्या माणसाचा जीव जाणार हाय. घेणारा देव हाय का माणूस, तेवढं सांगा. देव असला तर मी बघून घेते. माणूस असला तर तुम्ही बघा."

कोपऱ्यात मिश्रीलाल शेठ पोहे खात होते. त्यांचा घास हातातच राहिला.

मिश्रीलाल बागरेचा हे जालन्यातले सरकीचे दलाल. धंदा मुलांनी उचलल्यापासून शेठजींना दुपार कशी घालवायची हे कळेना. म्हणून ते त्रिंबक आसोल्यांच्या मागे फिरत. त्रिंबकराव निजामाच्या राज्यात हैदराबादला गुप्त पोलिसात होते. राज्य गेलं, त्यांनी नोकरीही सोडली आणि जालन्यात स्वतःचं काम काढलं. अंगाने बारीक, बोलायला कमी. कमी बोलणारा माणूस एक तर शहाणा असतो नाही तर बहिरा. त्रिंबकरावांचे कान शाबूत होते.

"पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले.

आसराबाई कुंभार पिंपळगाव नावाच्या खेड्यातली. नवरा रायभान मेंढरं राखायचा. त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ झाली होती. खाल्लेलं पुढे सरकेना, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. बाजेवर घालून, बैलगाडीत टाकून त्याला जालन्याच्या धर्मार्थ दवाखान्यात आणलं.

"तिथं दोन रीती हायेत," आसराबाई म्हणाली. "जुनी रीत मोठ्या डॉक्टरांची. गाठ काढायची, पोटावर भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर ठेवायचं, माणूस सावरला की मागून कधी तरी आत जोडायचं. नवी रीत धाकल्या डॉक्टरची. गाठ काढली की तिथंच टाके घालून आतडं जोडायचं. एका खेपेत मोकळं. कोणती रीत चांगली हे बघून राह्यले ते. कुणाला कोणती, हे सुपारी ठरवती."

"सुपारी?" शेठजींनी विचारलं.

"मडक्यात दोन सुपाऱ्या. हळदीची निघाली तर जुनी रीत, शेंदराची निघाली तर नवी. घरच्या माणसानं हात घालून काढायची." तिने पदर खोचला. "आजवर चौघांना शेंदरी निघाली. चौघंबी गेले. टाके उसवले, पोटात घाण झाली, तापानं फणफणून गेले. हळदीवाले समदे जगले. माझा दीर म्हणतो देवाचा कौल हाय. मी म्हणते, खंडोबाला जेजुरीत कामं कमी पडली का, जालन्याच्या दवाखान्यात यायला?"

त्रिंबकराव उठले. "तुमची पाळी उद्या?"

"उद्या सकाळी. हात माझाच जाणार हाय मडक्यात." तिने आपला उजवा हात असा पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

---

दवाखाना कुंडलिका नदीच्या काठाला होता. मागच्या अंगणात मोठा निंब होता आणि निंबाच्या बुंध्याला चार रिकाम्या बाजा उभ्या करून ठेवल्या होत्या. सुंभ सैल पडलेला, एकीवर कावळा बसलेला.

"ह्या कुणाच्या?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"गेलेल्यांच्या," परिचारिका गोपिकाबाई म्हणाली. तिचं सारं आयुष्य या दवाखान्यात गेलं होतं. सगळे रोगी तिला मावशी म्हणत, आणि तीही मावशीसारखीच सगळ्यांवर ओरडे. "माणूस गेला की बाज घरी नेत न्हाईत आपल्याकडं. दवाखान्याला तरी काय करायच्या? बघवत न्हाई, जाळवत न्हाई."

मिश्रीलाल शेठ निंबाच्या सावलीतून चटकन बाहेर आले. ऊन कडक होतं, तरी त्यांना तेच बरं वाटलं.

पायरीवर एक माणूस ऐटीत विडी ओढत होता. धर्मराज त्याचं नाव, अंबडचा. हळदीवाला. पोटावरचं भोक कालपरवाच बंद झालं होतं.

"कसे आलात तुम्ही इथं?" त्रिंबकरावांनी त्याला विचारलं.

"कसा म्हंजे? मोटारीनं! अड्ड्यावर उतरलो, पिशवी हातात घेतली, चालत आलो. वाटेत जिलबीबी खाल्ली. डॉक्टर लई रागावले."

"आणि तुमच्याबरोबरचे हळदीवाले?"

"समदे माझ्यासारखेच. धडधाकट गडी." तो खदखदून हसला आणि मग पोट धरून 'आई गं' म्हणाला.

गोपिकाबाई आत खोलीत उद्याच्या सुपाऱ्या तयार करत होती. एकीला शेंदूर, दुसरीला हळद. काम झालं तशी तिने कोपऱ्यातल्या बादलीवर साबण घेतला आणि हात चोळले. शेठजी किंचाळले.

"रक्त! त्रिंबकराव, हिच्या हाताला रक्त!"

तिच्या तळव्यांवर लाल फेस आला होता. गोपिकाबाईने कपाळाला आठी घातली.

"हळद हाय, शेठजी. हळदीला साबण लागला की ती लाल होती. सैपाकघर कुठल्या दिशेला हाय तुमच्या घरात, ठावं हाय का?"

शेठजी गोरेमोरे झाले. त्रिंबकराव मात्र त्या लाल फेसाकडे बघत राहिले. फेस पाण्याबरोबर मोरीत गेला.

"मावशी, ही सुपारीची रीत कुणी काढली?"

"धाकल्या डॉक्टरला चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. पण लोकांना कुठं वाचता येतंय? त्यांना वाटलं, डॉक्टर लिहील ते खरं. मंग मोठे डॉक्टर म्हणाले, कौलासारखं करा, लोक मानतील. तसं केलं. लोकांनी मानलं."

"उद्या काय काय होईल, सांगा."

"मी सुपाऱ्या मडक्यात टाकते, फडकं बांधते. रामनिवास शेठ मडकं ओसरीवर नेतात, दवाखान्याचे विश्वस्त हायेत ते. मोठे डॉक्टर देवाचं नाव घेऊन मडक्यात हात घालतात, डोळे मिटून सुपाऱ्या ढवळतात, म्हंजे कुणी म्हणू नये की वर कोणती ठेवली. मंग घरचं माणूस काढतं."

"उरलेली सुपारी?"

"ती बघायची न्हाई." गोपिकाबाईचा आवाज खाली आला. "उरलेला कौल बघणं म्हंजे देवावर शंका घेणं. मोठे डॉक्टर मडकं तसंच उचलून बारवेत रिकामं करतात. लोकांचं मन राखतात बिचारे."

---

धाकटे डॉक्टर दिगंबर सेलूकर मुंबईला शिकून आले होते. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. त्यांच्या खोलीत शिरताना शेठजींना वाटलं, रोगी हाच.

"मला अटक करायला आलात का?" सेलूकरांनी विचारलं.

"करायला हवी का?"

"कधी कधी वाटतं, करावी." ते खिडकीशी गेले. खिडकीतून निंब दिसत होता. त्यांनी झडप लावून घेतली. "माझ्या हाताचे टाके उसवतात. चारही वेळा. टाका घालताना आतडं चांगलं दिसतं, रक्त खेळतं, मी दहादा बघतो. आणि मागून ताप. रोग्याची बायको माझ्याकडे बघते. त्रिंबकराव, ती नजर तुम्ही बघितली नाही."

"रोगी तुम्हीच का निवडला नाही? सुपारी कशाला?"

"मी निवडायला लागलो तर ठणठणीत माणसं माझ्या रीतीला घेईन, हे मलाच कळत होतं. मग रीत चांगली की माणूस चांगला, हे कसं समजणार? म्हणून निवड माझ्या हातात नको. सुपारी काढताना मी ओसरीवर पाठ फिरवून उभा राहतो. रोगी मला टेबलावरच दिसतो, धुवून पुसून, चादर घातलेला."

"दाखल होताना कोण तपासतं?"

"टाकळकर सर. आजवर त्यांनी 'करू नका' म्हटलेल्यावर मी हात टाकला नाही. आणि गाठ तशी ठेवली तरी माणूस मरतोच." ते कडवट हसले. "माझ्या वाट्याला सगळी वाळलेली शरीरं आली. नशीब म्हणायचं."

"नशीब," त्रिंबकराव म्हणाले, आणि तो शब्द जिभेवर घोळवत बाहेर पडले.

रामनिवास शेठ ओसरीवरच भेटले. नाकाला अत्तराचा रुमाल. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम; वासाने त्यांना भोवळ येते.

"बंद करा हा तमाशा!" ते रुमालातून बोलले. "चार माणसं मेली. लोक म्हणतात, ट्रस्टने बळी दिले. त्या छोऱ्याला मुंबईला परत पाठवा. मी तर म्हणतो दवाखानाच दुसरीकडे न्या. नदीकाठची जागा, इथे कापसाची जिनिंग बराबर चालेल."

"उद्या कोणाची पाळी, माहीत आहे?"

"मला काय करायचंय? मी येतो, मडकं उचलतो, ठेवतो, जातो. आतमध्ये कोण आहे, कसा आहे, मी बघत नाही. बघितलं तर जेवण जात नाही."

शेठजी त्रिंबकरावांच्या कानाशी लागले. "हाच! जागा पाहिजे त्याला. बिलकुल हाच."

"असेल," त्रिंबकराव म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांची खोली कार्बोलिक साबणाच्या वासाने भरली होती. डॉक्टर विश्वनाथ टाकळकर हात धूत होते. बोटं, बोटांच्या फटी, मनगट, कोपर. बंद गळ्याचा पांढरा कोट, पांढऱ्या मिशा. जालन्यात अर्ध्या घरांत देवांच्या फोटोशेजारी यांचा फोटो होता.

"दिवसातून किती वेळा धुता?" शेठजींनी कौतुकाने विचारलं.

"मोजत नाही. सर्जनचा हात स्वच्छ हवा, मिश्रीलालजी. बाकी सगळं देव बघतो." त्यांनी हात पुसले. "वीस वर्षं मी सांगत आलो, कापलं त्याच दिवशी आतडं जोडू नये. निसर्गाला वेळ द्यावा. दिगंबर हुशार आहे, माझ्या मुलासारखा आहे. पण मुंबईची घाई त्याच्या अंगात आहे. त्याला हे पटायला हवं होतं. आता पटेल."

"चार माणसं गेल्यावर?"

"मला काय आनंद झाला?" टाकळकरांचे डोळे खरोखरच भरून आले. "प्रत्येकाला दाखल करताना मी स्वतः तपासलंय. प्रत्येकाची नाडी या बोटांखाली होती."

बाहेर आल्यावर शेठजींनी रुमालाने डोळे पुसले. "देवमाणूस!"

त्रिंबकराव निंबाकडे पाहत होते. वाऱ्याने एक बाज भिंतीला घासली आणि दात खावेत तसा आवाज झाला.

---

मेलेल्या चौघांतल्या एकाची बायको, आष्टीची चतुराबाई, नवरा गेल्यावर गावी परतली नव्हती. जालन्यातच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. केसांत कापूस अडकलेला, हात चालूच.

"तुमचा माणूस दवाखान्यात आला तो कसा?"

"कसा येणार? बाजेवर. चौघांनी खांदा दिला. निस्ता सापळा राह्यल्ता. गडी तेव्हाच म्हणाले, वैनी, ह्यो खांदा काय बरा वाटंना." तिने नाकावरचा कापूस फुंकला. "बाज तिथंच हाय निंबाखाली. मी तिकडून जात न्हाई."

"बाकी तिघं कसे आले, ठाऊक आहे?"

"बाजा चार हायेत का न्हाई तिथं?" चतुराबाई म्हणाली. "मंग कसे आले ते काय विचारता?"

तिथून ते सराफ्यात लालचंद शेठच्या घरी गेले. लालचंद ओसवाल, मिश्रीलालच्या नात्यातले. त्यांच्या आतड्यातही तीच गाठ होती. आता ते गादीवर बसून मुनीमजींना शिव्या देत होते, म्हणजे प्रकृती चांगली होती.

त्यांची बायको राजकुमारी पदर सावरून बाहेर आली.

"मामाजी, या. यांना हळदीची निघाली. वाचले."

"नेलं कसं होतं?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"टांग्यात आडवे घालून. उतरवायला चार गडी लागले. डोळा उघडत नव्हते. त्या वेळी मोठे डॉक्टर नव्हते हो, अंबडच्या कोर्टात साक्षीला गेल्ते. मला तर धास्तीच भरली. मावशीने मडकं भरलं, रामनिवासजींनी आणून ठेवलं, आणि कुणी ढवळलंच नाही. मी तशीच काढली."

"आणि उरलेली?"

राजकुमारीने जीभ चावली. "मावशीला सांगू नका. मी बघितली. आपल्यात कुठे कौल मानतात? व्यापाऱ्याच्या घरची मी, दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेंदरीच होती. दुसरी काय असणार?"

"दुसरी काय असणार," त्रिंबकराव म्हणाले. त्यांनी लगेच चपला पायात घातल्या.

रस्त्यावर आल्यावर शेठजी म्हणाले, "मग? लालचंद वाचला. त्याचा काय संबंध?"

"शेठ, सुपारीला डोळे असतात का?"

"नसतात."

"मग तिला कसं कळलं, कोण चालत आला आणि कोण बाजेवर?"

शेठजी रस्त्यातच उभे राहिले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, तरी ते हलले नाहीत.

त्रिंबकरावांनी जाता जाता फौजदाराकडे निरोप टाकला. मग ते दवाखान्यात गेले. आसराबाई वॉर्डाच्या दाराशी बसली होती. आत रायभान पांघरुणाखाली इतका सपाट होता की बाज रिकामी वाटत होती.

"बाई, एक काम आहे. देवाला राग येईल असं."

"मंग बराबर बाईकडं आलात," आसराबाई म्हणाली.

---

सकाळी ओसरीवर रोग्यांचे नातेवाईक जमले. रामनिवास शेठने नाकाला रुमाल लावून मडकं आणलं, चौरंगावर ठेवलं. सेलूकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ म्हाताऱ्याची वाटत होती.

टाकळकर पुढे आले. फडकं सोडलं, डोळे मिटले, ओठ हलले. हात मडक्यात गेला. आत सुपाऱ्या खुळखुळल्या. हात बाहेर आला, कोटाशी गेला, जोडला गेला.

"या बाई," ते मायेने म्हणाले. "देवाचं नाव घ्या."

आसराबाईने कुणाचंच नाव घेतलं नाही. हात घातला, काढला. तळव्यावर शेंदरी सुपारी होती.

ओसरीवर एक लांब सुस्कारा गेला. तिच्या दिराने हात जोडले. भिंतीकडे तोंड केलेल्या सेलूकरांना न पाहताच कळलं. त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं.

टाकळकर मडक्याकडे वळले. पण आसराबाईचा हात आधीच तिथे होता. तिने मडकं उलटं केलं.

चौरंगावर दुसरी सुपारी गडगडली. तीही शेंदरी.

"अगं बया!" गोपिकाबाई ओरडली. "मी एक हळदीची टाकल्ती! माझ्या हातानं!"

"टाकली होती," त्रिंबकराव गर्दीतून पुढे आले. "ती आता कुठे आहे, एवढंच शोधायचंय. शेठ, बादली."

मिश्रीलाल शेठने साबणाच्या पाण्याची बादली आणली. निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं होतं.

"बाईंच्या आधी या मडक्याला तीन माणसांचे हात लागले. मावशी, रामनिवासजी, डॉक्टरसाहेब. ज्याने हळदीची सुपारी काढून घेतली, त्याच्या हाताला हळद असणार. तिघांनी हात बुडवावेत."

रामनिवास शेठने तोंड वाकडं करत बोटं बुडवली. काही नाही. टाकळकर हसले, हात बुडवले. स्वच्छ. गोपिकाबाईने बुडवले आणि तिचे तळवे लालबुंद झाले.

गर्दीतून शिवी आली. कुणीतरी दगड शोधू लागलं.

"थांबा!" त्रिंबकरावांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिने सुपारीला हळद लावली, तिचे हात लाल होणारच. लाल झाले नसते तर मी तिला धरलं असतं."

दगड शोधणारा थांबला. आवाज पुन्हा नेहमीचा झाला.

"मी प्रत्येकाला विचारलं ते रोगी मेला कसा हे नाही, आला कसा हे. मेलेले चौघे बाजेवर आले. निंबाखाली चार बाजा उभ्या आहेत, रोज सगळे त्यांच्यासमोरून जातात. हळदीवाले, एक सोडून, आपल्या पायांनी आले. नशीब असं वेचून काम करत नाही. कोण अशक्त, कोण सशक्त, हे आधी कळलेल्या माणसाने मडक्यात दोन्ही सुपाऱ्या एकाच रंगाच्या केल्या. अशक्त आला की दोन्ही शेंदरी, धडधाकट आला की दोन्ही हळदीच्या. काढणारा काय काढणार?"

"पण कुणाच्या लक्षात कसं..." शेठजी म्हणाले.

"उरलेला कौल बघायचा नाही, शेठ. कुलपाची गरज नव्हती, लोकांची श्रद्धाच कुलूप. रामनिवासजी वॉर्डात पाऊल टाकत नाहीत, आत कोण कसा आहे त्यांना माहीत नसतं. मावशीला माहीत असतं. पण लालचंद शेठ आडवे आले, अशक्त होते, त्या दिवशी मावशीही होती आणि रामनिवासजीही. तरी मडक्यात दोन रंग निघाले, राजकुमारीबाईंनी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी मडकं इमानी का राहिलं? एकच माणूस नव्हता म्हणून. तो अंबडच्या कोर्टात खरं बोलायची शपथ घेत होता."

सेलूकर हळूहळू भिंतीपासून वळले.

"सर?"

टाकळकर शांत होते. "माझे हात तुम्ही पाहिले, त्रिंबकराव."

"पाहिले. आत घालताना बोटांत एक शेंदरी सुपारी होती, बाहेर येताना हळदीची. डोळे तुम्ही पुरते मिटले नव्हते, आत कोणती कुठे ते दिसत होतं. मावशी कालच्या दुपारी तिला हळद लावून बसली होती. वाळलेली हळद बोटांना जेमतेम लागते. खिशाशी गेलात तेव्हा तीही पुसली गेली. सर्जन आहात, हात स्वच्छ ठेवता." त्रिंबकरावांनी बादलीतून ओंजळ भरली. "पण खिसा कोण धुतं?"

त्यांनी ओंजळ कोटावर मारली.

पांढऱ्या कापडावर आधी फक्त ओल दिसली. मग खिशाच्या आतून डाग वर आला. आधी पिवळसर, मग विटकरी, मग कुंकवासारखा लाल. तो पसरत गेला. बायकांनी तोंडाला पदर लावले. टाकळकर खाली बघत राहिले. स्वतःच्या छातीला जखम झालेला माणूस बघतो तसे.

आसराबाईने पुढे होऊन त्या खिशात हात घातला आणि ओली सुपारी बाहेर काढली.

"ही माझी," ती म्हणाली.

मग टाकळकरच बोलले, विद्यार्थ्याला समजावावं तसे.

"मी चूक नव्हतो, दिगंबर. अशक्त शरीरात त्याच दिवशीचं जोडकाम टिकत नाही. मी वीस वर्षं सांगत होतो. तू ऐकलं नाहीस. मुंबईला जाऊन माझी रीत जुनाट ठरवून आलास. चार माणसं तशीही मरणारच होती. मी फक्त सिद्ध केलं."

"मरणार नव्हती," सेलूकर कसेबसे म्हणाले. "तुमच्या रीतीने जगली असती. लालचंद जगले."

टाकळकरांनी तळहाताने तो लाल डाग झाकला.

"डॉक्टरसाहेब," त्रिंबकराव म्हणाले, "हे तुम्हाला माहीत नसतं तर ती चूक होती. माहीत होतं, म्हणून तो खून."

फौजदार पायऱ्या चढून आला. टाकळकर निघताना सवयीने बादलीकडे वळले, हात धुवायला. कुणीतरी बादली पायाने सरकवली.

---

ओसरी रिकामी झाली. सेलूकर तिथेच बसून होते.

"बाई, आता सुपारी नाही," ते आसराबाईला म्हणाले. "बाजेवर आलेल्या माणसासाठी सुपारी टाकणं हीच माझी चूक होती. तुमच्या माणसाला जुनी रीतच करावी लागेल. पोटावर भोक राहील, काही महिने. लोक नावं ठेवतील, पंगतीला बसवणार नाहीत. चालेल?"

"पंगतीतली माणसं माझी मेंढरं राखायला येणार हायेत का?" आसराबाई म्हणाली. "पोटावरून का व्हईना, पण माणूस जगू द्या. आणि दाढी करून या आधी. असल्या तोंडाच्या माणसाच्या हाती मी बकरू देणार न्हाई."

सेलूकर दाढी करायला उठले.

हिवाळा सरता सरता त्रिंबकराव आणि शेठजी पुन्हा कुंडलिकेच्या काठाने जात होते. चार बाजा अजून निंबाला उभ्या होत्या. चौघांच्या घरचं कुणी आलं नव्हतं, कुणी येणारही नव्हतं. शेठजींनी मान फिरवली.

दवाखान्याच्या दारातून एक वरात बाहेर पडत होती. पुढे दोन गडी, त्यांच्या खांद्यावर रिकामी बाज. शेठजींचा चेहरा पडला.

"अरेरे. रायभान!"

"मागे बघा," त्रिंबकराव म्हणाले.

बाजेच्या मागून काठी टेकत, पोट सांभाळत, एक हाडकुळा धनगर चालत येत होता. त्याच्या शेजारी आसराबाई होती आणि ती पुढच्या गड्यांवर ओरडत होती.

"नीट धरा रे! घरी न्यायची हाय ती. माझ्या माणसाला रातच्याला निजायला लागती."